सुनादाची चूक

मुरोतासरांच्या बायकोने पाठवलेलं खोकं सोमवारी दुपारी आलं. फुमिएने आधी चहा टाकला, मग कात्री शोधली, मग ते उघडलं, म्हणजे घाई अशी काहीच नव्हती. मार्चअखेर निवृत्ती, आणि निवृत्त होणाऱ्या बाईला लोक काय काय पाठवतात याचा तिला महिनाभर चांगलाच अनुभव येत होता. वर एक चिठ्ठी होती: ‘हे डिसेंबरात गेले. कपाट आवरताना जुन्या पाठांचे कागद निघाले. एकावर तुमचं नाव आहे. नको असेल तर टाकून द्या, मला वाईट वाटणार नाही.’ खाली डांबराच्या गोळ्यांच्या वासाचा एकच कागद, फुमिएच्या चोवीस वर्षांपूर्वीच्या गणिताच्या पाठातला बाकांचा तक्ता. खुल्या पाठाला आलेले पाहुणे मास्तर वर्गाच्या भिंतीला टेकून उभे राहतात ना, त्यांच्या हातात असतो तसला. चाळीस बाकांचे चाळीस चौकोन. जो तो आपल्या जवळच्या मुलांचं पेन्सिलीने टिपत राहतो, कोण काय लिहितं, कुठे अडतं, कधी मान वर करतं. मुरोतासर खिडकीकडच्या भिंतीला होते, हे फुमिएला आठवत होतं. त्यांनी एकोणचाळीस चौकोन कोरे सोडले होते आणि एकच भरला होता, खिडकीकडच्या रांगेतला तिसरा. बारीक अक्षरात, वेळेसकट. ‘दोन बावीस: दोन्ही वाटा मांडते. ६/९० अधिक २१/९०, बरोबर २७/९०. उत्तर बिनचूक. दोन पंचवीस: बाई या रांगेकडे वळतात. मुलगी सगळं खोडते. २/९ लिहिते. दोन सव्वीस: बाई थांबतात, वाचतात, हसतात.’ आणि खाली, दोनदा अधोरेखित: ‘ही मुलगी कोण?’ चहा निवून गेला. तिसरा चौकोन तेव्हा तिच्या वर्गात असलेल्या सुनादा चिसातोचा होता.

त्या ‘हसतात’पाशी फुमिए तीन दिवस अडकून पडली. बाकीचं एक वेळ माणूस गिळेल. मुलं खोडतात, पुन्हा लिहितात, वर्गात हेच चालतं. पण आपण हसलो, आणि ते कुणीतरी वेळेसकट लिहून ठेवलं. रात्री जेवताना तिने नवऱ्याला सांगितलं. शुजी पोस्टातून निवृत्त झालेला, आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं न वाचता पोचवलेला माणूस. त्याने कागद हातातसुद्धा घेतला नाही. “टाकून दे,” म्हणाला. “चोवीस वर्षं झाली. तिला काय आठवतंय? उगाच कशाला खपली काढतेस?” “शुक्रवारी तिच्या मुलीचा शाखेचा फॉर्म आहे,” फुमिए म्हणाली. “मग?” “मग काही नाही.” खरं तर सगळं त्यातच होतं. मुलीने एकदा कला शाखेवर खूण केली की पुढच्या वर्षीपासून तिचं गणित जवळजवळ संपलं, आणि ती खूण ती का करणार आहे हे फुमिएला पक्कं ठाऊक होतं. मंगळवारी जायचं ठरवलं, तर शाळेत सभा निघाली. बुधवारी बर्फ पडलं, फारसं नाही, पण न जायला पुरेल इतकं. साठीची बाई बहाणे शोधायला लागली की शाळेच्या पोरांना मागे टाकते. गुरुवारी सकाळी तिने कागद पारदर्शक पाकिटात घातला, पाकीट पिशवीत, आणि शाळा सुटल्यावर पिशवी मांडीवर घेऊन ती नदीपलीकडे जाणाऱ्या ट्राममध्ये बसली.

ट्राम हळू चालली होती. रस्त्यातल्या नळ्यांतून बर्फ वितळवायचं पाणी उडत होतं आणि त्या पाण्यातल्या लोखंडाने वर्षानुवर्षं तांबडा झालेला रस्ता ओला चमकत होता. फुमिएला तो रंग कधी आवडला नाही. समोरच्या बाकावर दोन मुली एका वहीत डोकी घालून बसल्या होत्या, आणि त्यांतली एक लिहायची, खोडायची, लिहायची. खोडरबराचे तुकडे स्कर्टवर साठत होते. फुमिएने मान फिरवली. आता काय, जगातली सगळी पोरं तिला खोडतानाच दिसणार होती. किती खोडणाऱ्या मुलींच्या शेजारून आपण गेलो असू? छत्तीस वर्षं, वर्षाला निदान तीन वर्ग, वर्गात चाळीस. हिशेब करायची सवय, तो तिने मनात केलाही, आणि उत्तर आल्यावर तिला स्वतःचाच राग आला. एवढ्यांच्या वह्या पाहिल्या तेव्हा नेमकं काय पाहत होतो आपण? आपल्याला हवं ते सापडतंय का, एवढंच पाहत होतो, दुसरं काही नाही. हे उत्तर तिला सोमवारपासून ठाऊक होतं, फक्त ट्राममध्ये, पिशवी घट्ट धरून बसलेलं असताना, ते पहिल्यांदा शब्दांत आलं.

त्या वर्षी खात्याने गणिताची पातळी वाढवायचं मनावर घेतलं होतं. आपली पोरं हिशेब फटाफट करतात, पण ‘का’ विचारलं की तोंडं शिवल्यासारखी बसतात. तेव्हा यापुढे नुसतं उत्तर नको, विचार हवा, मुलांनी एकमेकांशी वाद घालावा, चुकांतून शिकावं. कागदावर सगळं उत्तमच होतं, आणि फुमिएचा त्याच्यावर मनापासून विश्वास होता. आजही आहे, हीच तर पंचाईत. छत्तीस वर्षांची होती, अंगात जोर होता, आणि जिल्हाभरातल्या साठ मास्तरांसमोर नव्या पद्धतीचा पहिला खुला पाठ घ्यायचा मान तिला मिळाला होता. एका तासासाठी सहा महिने खपली सगळी मंडळी. गणित तिनेच सुचवलेलं, मुलांच्या रोजच्या जगण्यातलं: वर्गातल्या जागा दर दोन महिन्यांनी चिठ्ठ्या टाकून बदलतात, आणि चिठ्ठ्यांचा डबा आला की सगळी धावतात, कारण जो आधी उचलेल त्याला खिडकीजवळची जागा मिळायची शक्यता जास्त असं सगळ्यांना वाटतं. दहा चिठ्ठ्या, त्यांत तीन खिडकीच्या. आधी उचलण्यात फायदा की नंतर? उत्तर असं की काहीच फरक पडत नाही. पहिला असो की दुसरा, दहात तीनच. पण ते नुसतं सांगायचं नव्हतं. आधी कुणीतरी चुकायला हवं होतं. पहिल्याने खिडकी नेली, उरल्या नवांत दोन, म्हणून दुसऱ्याच्या वाट्याला नवांत दोन, असं कुणीतरी ठामपणे म्हणायला हवं होतं, म्हणजे दुसरं कुणीतरी विचारील, “आणि पहिल्याने खिडकी नेलीच नाही तर?” तिथून ती दुसरी वाट उघडणार, पाठ उभा राहणार. पाठाच्या टाचणात त्यासाठी एक रकानाच होता, ‘मुलांकडून अपेक्षित उत्तरे’, आणि त्यात ती चूक पहिल्या क्रमांकावर, चौकटीत.

सराव म्हणून शेजारच्या तुकडीत पाठ घेतला तर पोरं शिकवणीला जाणारी निघाली. दोन मिनिटांत बरोबर उत्तर, आणि उरलेली अठ्ठेचाळीस मिनिटं सगळे एकमेकांची तोंडं बघत बसले. शिक्षकखोलीत नाकाओकीसर, गणिताचे मुख्य, डोक्याला हात लावून फुमिएला म्हणाले, “अहो इसुरुगीबाई, आपल्याला चूक पाहिजे, चूक! साठ पाहुणे यायचेत आणि चूक नाही घरात. कुठून आणायची?” आणि फुमिए म्हणाली होती, सहज, पेन्सिल टोकदार करता करता, “सुनादा आहे ना माझ्या वर्गात. ती कधी निराश करत नाही.” सगळे खो खो हसले होते. वाईट हसले नव्हते. हे फुमिएला आता ट्रामच्या काचेला सांगावंसं वाटत होतं, की कुणी वाईट हसलं नव्हतं, सुनादा सगळ्यांची आवडती होती. गोलगरगरीत, मान तुकवून बोलणारी, वही स्वच्छ ठेवणारी मुलगी. आठवड्यापूर्वीच तिने असलंच एक गणित चुकवलं होतं, दुसरी वाट विसरून, आणि फुमिएने तिच्या वहीत त्या उत्तराभोवती गोल करून म्हटलं होतं, “वा, हेच!” आता वाटतं, त्या पोरीने घरी जाऊन त्या गोलाकडे बघत किती वेळ काढला असेल. चुकीला गोल कशासाठी, हे शोधता शोधता तिला दुसरी वाट सापडलीही असेल. पाठाच्या आदल्या दिवशी साफसफाईच्या वेळी ती ओल्या फडक्याने फळा पुसत होती. तिनेच विचारलं होतं, “बाई, उद्याचा पाठ महत्त्वाचा आहे ना?” “खूप,” फुमिए म्हणाली होती. आणि मग तिच्या खांद्यावर हात ठेवून, मायेनेच, अगदी मायेनेच: “घाबरू नकोस हं. नेहमी सोडवतेस तशीच सोडव. तुझ्या चुकीतून सगळा वर्ग शिकतो.” “हो, बाई,” म्हणून सुनादा वाकली होती, हातातलं फडकं तसंच धरून.

पाठाच्या दिवशी मुलं लिहायला लागल्यावर फुमिए बाकांमधून फिरू लागली. कुणाचं काय येतंय ते पाहायचं, कुणाला आधी फळ्यावर पाठवायचं आणि कुणाला नंतर ते मनात ठरवायचं, यात तिचा हात धरणारं जिल्ह्यात कुणी नव्हतं. तीन रांगा झाल्या. चूक सापडेना. चुका होत्या, पण भलत्याच, कामाला न येणाऱ्या. पाठीवर घाम फुटला. भिंतीला साठ माणसं, साठ पेन्सिली. तिने खिडकीकडच्या रांगेकडे मोहरा वळवला, तिसऱ्या बाकाशी आली, वहीत पाहिलं. २/९. सुबक, गोल अक्षरात. आता मुरोतासरांचा कागद सांगतो की त्या क्षणी वहीवर खोडरबराचे तुकडे असणार, कागद खरवडलेला असणार, खाली २७ ची पुसट खूण असणार. फुमिएने ते पाहिलं नाही? की पाहिलं? तीन दिवस ती स्वतःला हेच विचारत होती. तिला वही आठवायची, बाक आठवायचा, सुनादाच्या अंगठ्याला लागलेली शिसपेन्सिल आठवायची, आणि अंगठ्याखाली काय होतं ते नेमकं आठवायचं नाही. आपल्याला जे नकोय ते डोळ्यांना बरोबर गाळता येतं. “सुनादा, फळ्यावर येतेस?” ती म्हणाली होती, आणि जिवात जीव आला होता तिच्या.

त्या पद्धतीत तासभर फळ्यावरचं काहीही पुसायचं नसतं. डावीकडे प्रश्न, मग पहिला विचार, मग त्यावरचा आक्षेप, मग पुढचा, उजव्या टोकाला निष्कर्ष. पोरांनी कसा प्रवास केला तो शेवटी सगळा एका नजरेत दिसला पाहिजे. आणि प्रत्येक रीतीवर ती मांडणाऱ्याच्या नावाची चुंबकाची पट्टी. हेतू चांगला, की विचार कुणाचा त्याचा मान त्याला. तेव्हा ‘सुनादा’ ही पट्टी त्या २/९ वर तास संपेपर्यंत राहिली. मुलं तुटून पडली. “सुनादाच्या रीतीत एक वाट सुटलीय!” “सुनादाने पहिल्याची चिठ्ठी लागलीच असं धरलंय!” सुनादा बाकावर बसून मान डोलावत होती, ‘अगंबाई, खरंच की’ असा चेहरा करून. तो चेहरा! फुमिएला तो त्या वेळी पाठाचं सार्थक वाटला होता. नंतरच्या चर्चेत पाहुण्यांनी स्तुतीचा वर्षाव केला. मुरोतासरांची पाळी आली तेव्हा ते उठले, वाकले, म्हणाले, “फळा सुंदर होता,” आणि बसले. पाहुण्याने यजमानाच्या पाठाला सगळ्यांदेखत बोल लावायचा नाही, अशी आपली रीत. चोवीस वर्षं तो म्हातारा एवढं एक वाक्य कपाटात घेऊन बसला आणि मेला. फुमिएला त्याचा राग आला, मग लाज वाटली, मग पुन्हा राग आला. अहो, एक फोन करायचात. पण तो फोन आला असता तर आपण काय केलं असतं? ‘काहीतरी गैरसमज असेल, सर,’ असंच म्हटलं असतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

फळ्याचा फोटो अहवालात छापला गेला, नावाच्या पट्ट्यांसकट. पाठ आदर्श ठरला. नवे मास्तर तो शिकून गेले, त्यांनी आपापल्या शाळांत घेतला, आणि चिठ्ठ्यांच्या गणितातल्या त्या चुकीला जिल्हाभर एक नाव मिळालं. ‘सुनादाची चूक.’ फुमिए स्वतः दर वर्षी म्हणायची, “बघा हं, सुनादाची चूक करू नका,” आणि पोरं हसायची, कारण सुनादा कोण हे कुणालाच माहीत नव्हतं. खरी सुनादा त्याच हिवाळ्यात कला शाखेवर खूण करून मोकळी झाली होती. फुमिएने फॉर्मवर शिक्का मारला तेव्हा लिहिलंही होतं, ‘योग्य निर्णय’. पुढे दोन वर्षांचा गृहशास्त्राचा काहीतरी कोर्स, लग्न, आणि आता कितीतरी वर्षं नदीपलीकडच्या कोंबूच्या दुकानात नोकरी. वाळवलेलं ते समुद्री शेवाळ फुमिए तिथूनच घ्यायची, दर पंधरवड्याला. चिसातो वजनापेक्षा दोन पानं जास्त घालायची, ‘बाई, तुमच्यासाठी.’ आपल्या विद्यार्थिनीने इतकी वर्षं आठवण ठेवावी याचं फुमिएला कोण कौतुक होतं. शनिवारी गेली होती तेव्हा चिसातो हसू आवरत म्हणाली होती, “बाई, गंमत सांगू? आमची कोहारू शाळेतून आली आणि म्हणते, आई, आज आम्हाला सुनादाची चूक शिकवली! माहेरचं आडनाव तिला काय माहीत, तिच्यासाठी मी आपली सासरची, होत्ता. म्हटलं, अगं बये, ती सुनादा म्हणजे मीच की! हसून हसून पुरेवाट झाली आमची.” आणि फुमिएही हसली होती. हो, तीही हसली, दुकानात उभी राहून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. “मग म्हणते कशी, म्हणजे माझं गणित तुझ्यावरच गेलंय. म्हटलं, जाणार कुठे! गुण तसे बरे पडतात तिला, पण ते आपले नशिबाने. शुक्रवारी फॉर्म आहे, कलाच घे म्हटलंय. उगाच आपल्या आवाक्याबाहेर कशाला उडी मारायची?” “बरोबर आहे,” फुमिए म्हणाली होती. तेव्हा खोकं यायला दोन दिवस होते.

ट्राम थांबली. उतरताना तिचा पाय घसरला आणि वाहकाने “सांभाळून, आजी” म्हटलं, तेही तिला लागलं.

दुकानात शिरली तेव्हा चिसातो भेटीचे डबे भरत होती आणि ऐंशीच्या पुढच्या मालकीणबाई स्टुलावर बसून हुकूम सोडत होत्या. “सात घरं आहेत, सात वेगळे डबे कर. एकासारखा दुसरा नको, त्या सगळ्या एकमेकींकडे डोकावतात.”

“सात होणार नाहीत, मालकीणबाई. चार प्रकार आपल्याकडे, डब्यात दोन-दोन. सहा झाले की संपलं.”

“करून तर बघ आधी!”

“करून काय बघायचंय त्यात?” चिसातो म्हणाली, हात न थांबवता. “सातवीला पाचवा प्रकार आणा, नाहीतर तिला मोठा डबा द्या. अगंबाई, बाई! या या. एवढ्या गारठ्यात? शनिवारीच तर कोंबू नेला होता ना?”

फुमिए दारातच उभी राहिली होती. चारातून दोन निवडायचे, जोड्या सहा. पोरांना हे शिकवायला तिला दोन तास लागत. “आत्ता ते कसं काढलंस, चिसातो?” तिने विचारलं. आजवर ती तिला सुनादाच म्हणायची, लग्नानंतरही.

“कुठलं? डब्यांचं? ते काय काढायचंय,” चिसातो लाजली. “हाताला कळतं. पंधरा वर्षं डबेच भरतेय.” मालकीणबाई उठून आतल्या शेगडीकडे गेल्या. चिसातोने खुर्ची पुढे सरकवली. “बसा तरी. चेहरा का असा उतरलाय? घरी सगळं ठीक ना?”

फुमिए बसली नाही. तिने पाकीट काढलं, कागद काढला, काउंटरवर ठेवला आणि तिसऱ्या चौकोनावर बोट ठेवलं. काय बोलायचं ते तिने तीन दिवस घोकलं होतं, पाठाच्या टाचणासारखं, ती काय म्हणेल आणि मग आपण काय म्हणू यासकट. ते सगळं कुठच्या कुठे गेलं. “वाच,” एवढंच म्हणाली.

चिसातोने हात पुसले, चष्मा डोक्यावरून खाली घेतला आणि वाचलं. एकदा वाचलं, मग बोट फिरवत पुन्हा वाचलं. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी होईल याची फुमिए वाट पाहत राहिली. मग चिसातो हसली, नेहमीसारखीच. “हे माझं नसणार, बाई. शेजारच्या बाकाचं चुकून माझ्या चौकोनात पडलं असेल. गर्दी किती होती त्या दिवशी.”

“तुझंच आहे. खिडकीकडची रांग, तिसरा बाक. २/९ वर्गात एकट्या तुझंच होतं. तुला येत होतं, चिसातो. तू ते पूर्ण सोडवलं होतंस आणि मला येताना पाहून खोडलंस. मला चूक हवी होती म्हणून. मीच तुला सांगितलं होतं, फळा पुसत होतीस तेव्हा. आठवतं?” आवाज कापायला लागला होता, तो तिने कापू दिला. “मी तुझं वाटोळं केलं. तुझ्या नावाने चोवीस वर्षं पोरांना हसवलं. मला माफ कर असं म्हणायचंही तोंड नाही मला.”

“काय हे बाई! वाटोळं काय, खाऊनपिऊन सुखी आहे मी.” चिसातो काउंटरच्या बाहेर आली, तिने फुमिएचा हात धरला. हात उबदार होता, कोंबूच्या खारट वासाचा. “आणि समजा आलंही असेल एखाद्या वेळी. बरोबर आलं असेल तर ते चुकूनच. मी काय मुद्दाम थोडीच काढणार होते?”

“चुकून कुणी दोन्ही वाटा मांडत नाही.”

“माझं होत असेल तसं,” ती म्हणाली, समजूत घालावी तशी. लहान मुलाला ‘बाऊ गेला, गेला’ म्हणतात तो सूर. तो आपल्यासाठी आहे हे कळायला फुमिएला थोडा वेळ लागला.

“निदान कोहारूला दाखव,” फुमिए म्हणाली. “हा कागद तिला दे. तिचं गणित तुझ्यावर गेलंय तर चांगल्यावर गेलंय म्हणावं. उद्या फॉर्म आहे ना, आज रात्री दाखव. मी येऊन बोलते हवं तर, तिच्या बाईंना फोन करते.”

चिसातोने हात सोडला नाही, पण तिची नजर खाली गेली. “फॉर्म ना? तो तिने काल सकाळीच दिला. बुधवारी. मीच म्हटलं, शेवटच्या दिवसापर्यंत कशाला थांबायचं? तुम्हीच आम्हाला सांगायचात, बाई, वेळेआधी दिलेलं काम निम्मं पास झालेलं असतं. शिक्काही मारून मिळाला.”

बुधवार. बर्फ पडलं होतं, फारसं नाही. मंगळवारी सभा होती, ती सहाला संपली आणि दुकान सातपर्यंत उघडं असतं. फुमिएच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तिने ते पुसलं नाही. तिच्या चुकांनी कुठल्याच वर्गाला कधी काही शिकवलं नव्हतं. त्या कुणी फळ्यावर लिहिल्याच नव्हत्या. चिसातोने आतून टिश्यूचं खोकं आणून दिलं. मग तिने तो कागद उचलला, घडीवर घडी करून नीट पाकिटात सरकवला, भेटवस्तू बांधतात तितक्या काळजीने, आणि फुमिएच्या पिशवीत ठेवला. वर कोंबूचा एक पुडा. “हा माझ्याकडून. रात्री सूप करा गरम, बरं वाटेल. आणि मनाला लावून घेऊ नका, जुन्या गोष्टी त्या.”

फुमिए दारापर्यंत गेली. सरकतं दार तिने अर्धं उघडलं, बाहेरची थंडी आत आली.

“बाई.”

ती वळली. चिसातो काउंटरपाशी उभी होती, डब्याचं झाकण दोन्ही हातांत धरून, मान किंचित तुकवून. चाळिशीची बाई, पण उभं राहणं तेच, फळ्यापाशी फडकं धरून उभी होती तसंच. आता ती हसत नव्हती.

“त्या दिवशी पाठ चांगला झाला होता ना?”

त्या पाठाचं एकेक मिनिट फुमिएला तोंडपाठ होतं, आणि आता त्यातलं एकही तिला नको होतं. पण समोरची मुलगी चोवीस वर्षं हे एवढंच विचारायला थांबली होती, आणि आजवर तिला कुणी सांगितलं नव्हतं. ते तरी तिच्याकडून काढून घ्यायचं नव्हतं.

“हो,” फुमिए म्हणाली. “फार चांगला झाला होता.”

“मग झालं तर,” चिसातो म्हणाली, आणि सहाव्या डब्यावर झाकण बसवलं.